चेटकीण की डाकीण?

संहिता, इंदूर: अमेरिकेतल्या सेलेमच्या १६९२ च्या चेटूक-खटल्यांवर दोन अंकी नाटक बसवतोय. न्यायाधीश आरोपी बाईला काय म्हणेल, इथे गाडी अडली आहे. 'चेटकीण' म्हटले की बालनाट्य आठवते. 'डाकीण' माळव्यात अंगावर येतो, पण फाशी गेलेल्या १९ जणांत ५ पुरुष होते. दुसरे, 'स्पेक्ट्रल एव्हिडन्स'ला काय म्हणावे? आरोपीची आकृती येऊन मला चिमटे काढते, चावते, अशी मुलींची साक्ष. आकृती बाकी कुणाला दिसत नसे.

मांडवी, बडोदे: डाकीण नकोच. आपली डाकीण काळीज खाते. 'डायन भी सात घर छोडती है' ही म्हणसुद्धा खाण्यावरूनच आली. सेलेमचे आरोप बहुतेक 'अमकीला चेटूक करून पीडा दिली' असे होते. कृती चेटकाची, तर बाई चेटकीण आणि पुरुष चेटक्या. जॉर्ज बरोज पाद्री होता, फाशीच्या वेळी त्याने प्रभूची प्रार्थना अडखळल्याशिवाय म्हटली. त्याला डाकीण कशी म्हणवणार?

लष्कर, ग्वाल्हेर: चेटूक हा शब्दच 'चेटक' म्हणजे चाकर यावरून आलाय. मांत्रिकाने राबवलेले भूत. साक्षींमध्ये पिवळा पक्षी येतो तो असाच चाकर.

विंगेतून, इंदूर: चेटक म्हणजे चाकर हे खरे, पण चेटूक त्यावरूनच आला हे नुसते ध्वनिसाम्य झाले. आणि व्युत्पत्ती प्रेक्षकाला ऐकू येत नाही. दुसऱ्या प्रश्नावर 'छायासाक्ष' सुचेल, पण नको, छायाचित्राचा पुरावा वाटेल. 'आकृतीची साक्ष' म्हणा.

लष्कर: कोर्टाची भाषा जडच असते. मुलगी रिकाम्या तुळईकडे बोट दाखवत असताना न्यायाधीश 'छायासाक्ष नोंदवा' म्हणाला की अर्थ समोर दिसतो. सगळे सोपे करून मराठी पातळ करू नका.

मांडवी: त्याआधी 'खटला' शब्द सोडवा. मार्चपासून चालली ती दंडाधिकाऱ्यांची चौकशी, ज्यूरी नाही. ज्यूरीपुढचे खटले जूनपासून, गव्हर्नर फिप्सने नेमलेल्या खास न्यायालयात. त्या न्यायालयाचे दप्तर हरवले. हाती आहेत ते मुख्यतः चौकशीचे जबाब. संवाद त्यातून घेतले असतील तर त्या प्रवेशातून ज्यूरीची बाके काढा. बाके लागतात रेबेका नर्स या आरोपीच्या वेळी: ज्यूरीने तिला निर्दोष ठरवले, न्यायालयाने ज्यूरीला फेरविचाराला पाठवले आणि मग ज्यूरीने दोषी म्हटले. तो प्रवेश गाळू नका.

संहिता: जाहिरातीवर ज्वाळा टाकल्यात, चालतील?

मांडवी: अजिबात नाही. सेलेममध्ये कुणालाही जाळले नाही. इंग्रजी कायद्यात शिक्षा फाशीची होती.

विंगेतून: जाइल्स कोरीचा प्रवेश कसा करताय? कबूल की नाकबूल हे सांगेना म्हणून त्याला अंगावर फळी ठेवून दगडांखाली दाबले, तो. फळीचा भार नटावर येऊ देऊ नका. दोन्ही टोकांना लाकडी ठोकळे, श्वास भरलेल्या छातीपेक्षा चार बोटे उंच, पुढून मातकट कापड. प्लाय पाऊण इंची घ्या. पातळ असेल तर मध्ये वाकून बरगडीला लागते. थर्माकोलचे दगड उसळतात, आवाजही नाही, म्हणून त्या दगडांच्या पोटात वाळूची पिशवी शिवा. खरा दगड एकच, तोही ठोकळ्यावरच्या टोकाला, आवाजापुरता.

लष्कर: ठोकळ्याला खाच पाडा, नाहीतर फळी सरकते. कोरीच्या तोंडचे पारंपरिक वाक्य 'आणखी भार' करा. 'वजन' तराजूतले वाटते.

मांडवी: 'वजन'च ठेवा. ऐंशीचा शेतकरी आहे तो, 'भार' कुठून म्हणेल?