मदत हवी आहे: उडप्याकडचा कुरकुरीत डोसा घरच्या बिडाच्या तव्यावर

शेवंती
चौघांनी माटुंग्याला डोसा-कॉफी घेतली की सातशे-आठशे रुपये सहज जातात. तोच डोसा घरी जमवायचा आहे. सध्याचं प्रमाण: ३ वाट्या कोलम, १ वाटी उडीद डाळ, मिक्सरवर वाटलेलं. पीठ छान फुगतं, पण डोसा पांढरा आणि मऊ होतो. पसरवताना पीठ पळीबरोबर गोळा होऊन येतं. चूक पिठात आहे की तव्यात? सोडा घालू का?

माहीमकर
दोन्हीकडे आहे. सोडा अजिबात नको, त्याने जाळी पडते आणि डोसा तेल पितो.

आधी पीठ. ३ वाट्यांना १ वाटी उडीद जास्त होतो, म्हणून डोसा मऊ पडतो. पाऊण वाटी पुरे. तांदूळ २ वाट्या उकडा (इडलीचा) आणि १ वाटी कोलम घ्या. उडदाबरोबर १ मोठा चमचा चणा डाळ आणि अर्धा छोटा चमचा मेथी भिजवा. तो तांबूस रंग मुख्यतः या दोघांमुळे येतो. वाटायच्या आधी मूठभर जाडे पोहे भिजवून घाला.

डाळ ४ तास, तांदूळ ५-६ तास, वेगवेगळे भिजवा. मिक्सर तापला की उडीद फुलत नाही, म्हणून फ्रीजचं पाणी थोडं थोडं घालत, थांबत थांबत वाटा. वाटलेल्या डाळीचा थेंब पाण्यात तरंगला पाहिजे. तांदूळ मात्र बारीक रव्याइतका कणीदार ठेवा. मीठ घालून हाताने कालवा. मे महिन्यात ६-८ तासांत पीठ वर येतं, डिसेंबरात १०-१२ लागतात. वर आलं की लगेच फ्रीजमध्ये, मुंबईच्या उकाड्यात आंबट व्हायला वेळ लागत नाही.

आता पळीला पीठ येण्याचं कारण: तवा फार तापलेला असतो. पीठ पडल्या पडल्या खालून शिजतं, मग पसरत नाही. पाणी शिंपडा. थेंब गोळ्या होऊन पळाले तर तवा जास्त तापलाय. चर्र होऊन लगेच उडाले तर बरोबर. तेलात बुडवलेल्या अर्ध्या कांद्याने तवा पुसा, गॅस मंद करा, पीठ मधोमध घालून न दाबता बाहेरच्या बाजूला फिरवा. पसरून झाल्यावरच आच मोठी. वरचा ओलेपणा गेला की कडेने अर्धा चमचा तेल. उलटायचा नाही.

चुनाभट्टी
माहीमकरांशी सहमत. दोन गोष्टी जोडते. फ्रीजमधलं गार पीठ थेट घालू नका, लागेल तेवढंच अर्धा तास आधी बाहेर काढा आणि अर्धा चमचा साखर घाला. आणि या तव्यावर चपात्या करू नका, साबणही लावू नका. जळकं पीठ राहतं किंवा तेलाचा थर निघून जातो, मग पहिले डोसे हमखास चिकटतात.
करायच्या वेळी २ चमचे बारीक रवा घातला तरी कुरकुरीत होतो.

माहीमकर
रवा मला पटत नाही. ताटात पडेपर्यंत छान, पाच मिनिटांत कडक. पोहे पुरेसे आहेत.

शेवंती
खूप आभार, दोघांचेही! एवढ्या पिठाचे किती डोसे होतील? आणि चटणी उडप्यासारखी पातळ करताना पाणी वेगळं सुटतं, त्याचं काय करायचं?

चुनाभट्टी
मध्यम आकाराचे पंधराएक. १ वाटी ओल्या खोबऱ्याला २ मोठे चमचे पंढरपुरी डाळं, २ हिरव्या मिरच्या, आल्याचा लहान तुकडा. डाळं पाणी धरून ठेवतं, म्हणून चटणी पातळ करूनही फुटत नाही. नारळही कमी लागतो, खर्चात खरा फरक तिथे पडतो. फोडणी गार झाल्यावर ओता.
तिसऱ्या दिवशी उरलेलं पीठ आंबट लागलं तर डोसा करू नका, कांदा-टोमॅटो घालून जाड उत्तप्पे काढा.