डेझिग्नेटेड हिटरला हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळावे का?

प्रश्न (विचारणारे: पॅव्हेलियन)

अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलच्या दोन प्रमुख लीगपैकी अमेरिकन लीगने 1973 साली डेझिग्नेटेड हिटरचा नियम स्वीकारला, तेव्हापासून पिचरच्या जागी फक्त फलंदाजी करणारा खेळाडू संघात असतो. क्षेत्ररक्षणाच्या वेळी तो डगआउटमध्ये बसून राहतो. बेसबॉलमध्ये झेल, फेक आणि चेंडूमागची धाव यांवर सामने फिरतात, हे लक्षात घेता निम्माच खेळ खेळणाऱ्याला कूपर्सटाउनच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या सन्मानदालनात, विली मेजसारख्या अष्टपैलू दिग्गजांच्या पंक्तीला बसवणे योग्य आहे का? एडगर मार्टिनेझ आणि डेव्हिड ऑर्टिझ या डेझिग्नेटेड हिटरांची निवड झाली असली, तरी मला हा प्रश्न सुटलेला वाटत नाही.

प्रतिसाद (डावखुरा)

'निम्मा खेळ' हा निकष लावायचाच असेल, तर तो सर्वांना सारखाच लावला पाहिजे. पिचर मारियानो रिव्हेरा बहुधा शेवटच्या एका इनिंगपुरता मैदानात उतरत असे. फलंदाजीशी त्याचा जवळजवळ संबंधच नव्हता, आणि तरीही 2019 मध्ये बेसबॉल लेखकांच्या मतदानात त्याची निवड शंभर टक्के मतांनी झाली, जे त्याआधी कोणाच्याही वाट्याला आले नव्हते. त्याच यादीत मार्टिनेझ होता. पात्रतेच्या दहाव्या म्हणजे अखेरच्या वर्षी तो 85.4 टक्के मतांनी आत गेला. 2014 मध्ये त्याला जेमतेम 25 टक्के मते होती. दोघेही एकाच कामातले विशेषज्ञ असताना एकाला एकमुखी होकार आणि दुसऱ्याला दशकभर उंबरठ्यावर ताटकळत ठेवणे, याला मी तरी पूर्वग्रहच म्हणेन. नियमपुस्तकात असलेली जागा प्रामाणिकपणे भरणाऱ्या खेळाडूला त्या नियमाबद्दल शिक्षा कशासाठी?

प्रतिसाद (तिसरा बेस)

रिव्हेराचे उदाहरण मला पुरते पटत नाही, कारण अखेरच्या इनिंगमधला पिचर चेंडूगणिक सामन्याचा निकाल हातात घेऊन उभा असतो, तर डेझिग्नेटेड हिटरच्या वाट्याला सामन्यात चार-पाच वेळा फलंदाजी येते. मात्र मूळ मुद्दा वेगळा आहे. हा खेळाडू क्षेत्ररक्षणातून संघाला काहीच देत नाही, हे हिशेबात आधीच धरले जाते. खेळाडूचे एकूण मोल काढणाऱ्या वॉर या मापनात शॉर्टस्टॉपला (दुसऱ्या व तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाला) त्याच्या अवघड जागेसाठी धावांची भर मिळते, तर डेझिग्नेटेड हिटरच्या खात्यातून सर्वांत मोठी वजावट होते. त्याला स्वतंत्र दंड करण्याची गरज नाही. वजावटीनंतर काय उरते तेवढेच पाहावे.

मार्टिनेझच्या बाबतीत बरेच उरते. कारकिर्दीत .312 ची सरासरी, .418 चे ऑन-बेस (बेसवर पोहोचण्याचे) प्रमाण, 514 डबल्स (दुसऱ्या बेसपर्यंत नेणारे फटके), 1992 आणि 1995 अशी दोन वर्षे अमेरिकन लीगमध्ये सर्वोच्च सरासरी. वॉर 68 च्या आसपास. हे सारे डोळ्यांच्या तिरळेपणाच्या विकारावर मात करून. नजर कह्यात राहावी म्हणून तो रोज डोळ्यांचे व्यायाम करी आणि यंत्रातून सुटणाऱ्या टेनिस चेंडूंवर लिहिलेले आकडे वाचण्याचा सराव करी. शिवाय तो मुळात तिसऱ्या बेसवरचा खेळाडू होता आणि दुखापतींमुळे या जागेवर आला, हे टीकाकार सोयीस्करपणे विसरतात.

प्रतिसाद (पॅव्हेलियन)

वजावटीचा मुद्दा मान्य आहे. पण मग हॅरोल्ड बेन्स या डेझिग्नेटेड हिटरचे काय? लेखकांच्या मतदानात त्याला कधीही 7 टक्क्यांपर्यंतसुद्धा पोहोचता आले नाही, आणि तरीही डिसेंबर 2018 मध्ये सोळा जणांच्या वेगळ्या समितीतील बारा मतांवर तो निवडला गेला. दार एकदा उघडले की असेच होणार, अशी माझी शंका आहे.

प्रतिसाद (तिसरा बेस)

बेन्सची निवड चुकली, हे माझेही मत आहे. पण ती चूक समितीची आहे, त्या जागेची नव्हे. 2,866 हिट्स ही दीर्घायुषी कारकिर्दीची कमाई खरी, परंतु त्याचे वॉर 39 च्या आत राहते, आणि तो उजव्या आउटफील्डमध्येच कायम खेळला असता तरी एवढ्या फलंदाजीवर माझे मत त्याला मिळाले नसते. उलट ऑर्टिझचे 541 होमरन पाहा. 2022 मध्ये पहिल्याच प्रयत्नात 77.9 टक्के मते त्याला मिळाली. फ्रँक थॉमसने निम्म्याहून अधिक सामने याच जागेवरून खेळले आणि 2014 मध्ये तो पहिल्याच फेरीत निवडला गेला, तेव्हा मात्र कोणी फारशी कुरकुर केल्याचे आठवत नाही.

प्रतिसाद (डावखुरा)

एक व्यावहारिक बाबही नोंदवावीशी वाटते. 2022 पासून नॅशनल लीगमध्येही हा नियम कायमचा लागू झाल्यामुळे सर्वच्या सर्व 30 संघांना आता ही जागा भरावी लागते. कोपराच्या शस्त्रक्रियेमुळे 2024 मध्ये पिचिंग न करता आलेल्या शोहेई ओतानीने केवळ डेझिग्नेटेड हिटर म्हणून 54 होमरन मारले, 59 बेस चोरले आणि नॅशनल लीगचा एमव्हीपी पुरस्कार एकमताने मिळवला. मोसमातील सर्वोत्तम खेळाडू ठरवताना जी जागा लेखकांना आड आली नाही, तीच जागा कारकिर्दीचे मोल ठरवताना आड यावी, याचे समर्थन त्यांना यापुढे जड जाईल.