राजवाडा, ऊन आणि वॉशला पडणारे पट्टे
इंदूरच्या उन्हाळ्यात राजवाड्यासमोर जलरंग घेऊन बसूच नये, वॉशला, म्हणजे पाणीदार रंगाच्या पातळ थराला, पट्टे पडतात, असं म्हणतात. पडतात खरे, पण दोष उन्हाइतकाच कोरड्या कागदाचा. ३०० जीएसएमचा (म्हणजे जाड) कॉटन कागद दोन्ही बाजूंनी भिजवून ५-७ मिनिटं मुरू द्या आणि अ‍ॅक्रिलिक शीटवर पसरा. नुसत्या पाण्याने चिकटतो, टेप नको. लाकडी बोर्ड मात्र खालचं पाणी पिऊन टाकतो. रंग हळू वाळावा म्हणून ग्लिसरीन घालायचंच तर पेलाभर पाण्यात २-३ थेंब. जास्त झालं की रंग चिकट राहतो आणि रस्त्यावरची सगळी धूळ त्यात बसते.

आणि सावल्या आधी पेन्सिलीने पक्क्या करा. खालचे तीन दगडी मजले थांबतात, वरच्या चार लाकडी मजल्यांवरच्या सज्जांची सावली थांबत नाही. तिच्यामागे धावलात की एकाच चित्रात सकाळचे नऊही वाजतात आणि अकराही.