हिपिॲस्ट्रम : 'प्रजाती' की 'वंश'?

पानफूल : एका रोपवाटिकेचं माहितीपत्रक मराठीत करते आहे. कंदाच्या खोक्यावर 'ॲमरिलिस' छापलंय. आत लिहिलंय की हे झाड मूळचं दक्षिण अमेरिकेतलं, जीनस (जवळच्या नात्यातल्या झाडांचा गट) हिपिॲस्ट्रम. खरी ॲमरिलिस दक्षिण आफ्रिकेतली. मी जीनसला 'प्रजाती' लिहिलं. तपासणाऱ्यांनी खोडून 'वंश' केलं, का तर प्रजाती म्हणजे स्पीशीज, त्या गटातलं एकेक झाड! आम्हाला कॉलेजात जीनस म्हणजे प्रजाती आणि स्पीशीज म्हणजे जाती असंच शिकवलं होतं. काय ठेवू?

सह्यकडा : तुमचंच बरोबर आहे, मुळीच बदलू नका. मराठी विश्वकोशातल्या वनस्पतींच्या नोंदी उघडा, 'या प्रजातीतील अमुक जाती' अशीच वाक्यं दिसतील. स्पीशीजसाठी 'प्रजाती' हिंदीतून वर्तमानपत्रांत शिरली. मला त्याचा मनापासून त्रास होतो, कारण आपल्याकडे नीट बसलेली जोडी त्यामुळे मोडली.

ओवी : मोडली हे खरं, पण मोडली ना? आज वर्तमानपत्र वाचणाऱ्याला 'प्रजाती' म्हटलं की स्पीशीजच कळतं. खोक्यावरचा मजकूर विश्वकोश समोर ठेवून कोण वाचणार? शिवाय 'जाती' शब्द लिहिताना लोक बिचकतात, तेही समजण्यासारखं आहे.

सह्यकडा : आंब्याच्या जाती, भाताच्या जाती म्हणताना कोणी बिचकत नाही.

ओवी : ते वाण झाले. हापूस हा वाण आहे, स्पीशीज नव्हे. म्हणजे बोलीतली 'जाती' तुमच्या जोडीत बसतच नाही.

जुनी बखर : पानफूल, त्या 'खरी' शब्दाकडे आधी बघा. खरी कोणती यावरच पन्नास वर्षं वाद चालला होता. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअसने १७५३ साली 'ॲमरिलिस बेलाडोना' हे नाव दिलं, तेव्हा दोन्ही खंडांतली झाडं एकाच नावाखाली वावरत होती. १८२१ मध्ये इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम हर्बर्टने अमेरिकेतली बाजूला काढून त्यांना हिपिॲस्ट्रम म्हटलं. १९३८ मध्ये उफोफ या वनस्पतिशास्त्रज्ञाने मुद्दा काढला की लिनीअसचं झाड अमेरिकेतलंच होतं. ते मान्य झालं असतं तर ॲमरिलिस हे नाव अमेरिकेतल्या झाडांकडे गेलं असतं आणि आफ्रिकेतल्या झाडाला दुसरं शोधावं लागलं असतं. शेवटी १९८७ च्या बर्लिनच्या वनस्पतिशास्त्र परिषदेत ठरलं की लिनीअसचा आश्रयदाता क्लिफर्ड याच्या संग्रहातला वाळवलेला नमुना प्रमाण धरायचा. तो आफ्रिकेतल्या झाडाचा आहे. तेव्हा 'खरी' म्हणजे ठरवून दिलेली, एवढंच. बाजारात जुनं नाव राहिलं ते राहिलंच.

अमृतवेल : किती सुंदर! ग्रीकमध्ये हिप्पेउस म्हणजे घोडेस्वार आणि ॲस्ट्रॉन म्हणजे तारा. 'हिप्पोस' म्हणजे घोडा, तो आणि आपला 'अश्व' एकाच मुळातले, 'ॲस्ट्रॉन' आणि 'तारा' तसेच. मग मराठीत सरळ 'अश्वतारा' का नको? परक्या नावात आपलेच दोन शब्द दडलेत.

सह्यकडा : संस्कृतात 'अश्वतर' म्हणजे खेचर. कान्यांची चूक झाली तर फुलाचं काय होईल पाहा. आणि तुमच्या नावात स्वार कुठे आहे?

जुनी बखर : घोडा आला तो कळीवरून, असं १७९५ च्या एका इंग्रजी बागकाम नियतकालिकात आहे. कळीवरची दोन आवरणं उभी राहतात, ती घोड्याच्या कानांसारखी भासतात. त्यावरून आधी एका जातीला 'इक्वेस्ट्रिस', म्हणजे लॅटिनमध्ये 'घोडेस्वाराची', म्हणत. हर्बर्टने तीच कल्पना पुढे नेली.

माडाची सावली : आमच्या आजीच्या परड्यात विहिरीकडेला हीच होती. पानं सुकून गेलेली असत आणि चैत्रात नुसता दांडा वर येई, त्याला शेंदरी फुलं. आजी 'लाल लिली' म्हणायची. देवाला वाहायची नाही, का ते कधी सांगितलं नाही. फुलबाजारात मात्र लिलीचं बंडल मागा, पांढऱ्या स्पायडर लिलीच्या कळ्या हातात पडतील. तीही अमेरिकेतलीच, आणि तीही लिली नव्हेच.

ओवी : मग पत्रकात 'लाल लिली'च लिहावं, वाचक ओळखेल तरी.

सह्यकडा : ओळखेल, पण चुकीचं ओळखेल. लिलीचं कुल, म्हणजे फॅमिली, वेगळं. हिचं कुल ॲमरिलिडेसी, जुन्या मराठी लेखनात 'मुसली कुल'. त्यातली काळी मुसळी आता दुसऱ्या कुलात गेली आणि कांदा-लसूण याच कुलात आले.

माडाची सावली : कांदा? आजी तर तो कंद गुरांच्या तोंडाला लागू नये म्हणून कुंपण घालायची.

पानफूल : कंद विषारी आहे, पत्रकातही तसं लिहिलंय. पण शुक्रवारी छपाई आहे हो. प्रजाती की वंश?

अमृतवेल : 'मुसली कुल' आता चालणार नसेल तर संस्कृतातल्या कांद्यावरून 'पलांडू कुल' म्हणायचं का?