बँडवर जॅझ बसवतोय, पण कवायतीसारखा वाटतो

कुडाळचा_कर्णा
वरातीचा सात जणांचा बँड आहे : दोन ट्रंपेट, क्लॅरिनेट, आल्टो सॅक्सोफोन, युफोनियम, साइड ड्रम, बासड्रम. पावसाळ्यात सुपाऱ्या नसतात, तेवढ्यात न्यू ऑर्लिन्सचा जुना जॅझ बसवायचा विचार आहे. आमच्यातला एक म्हणतो, हे हॉटेलात बसून ऐकायचं संगीत, वाजंत्र्यांचं काम नव्हे. खरं का? आणि दुसरं, स्वर बरोबर लागतात तरी मार्चच का वाटतो?

सड्यावरचा
हॉटेल फार नंतर आलं. आधी रस्ताच.

न्यू ऑर्लिन्समध्ये गुलामांना रविवारी जमायची मुभा होती. 1817 मध्ये शहराने ते जमणं एकाच जागेपुरतं ठेवलं. तीच जागा पुढे काँगो स्क्वेअर म्हणून ओळखली गेली. तिथे ढोल आणि नाच चालत. 1865 ला यादवी युद्ध संपल्यावर काळ्या वस्त्यांमध्ये मदत मंडळं फोफावली : वर्गणी भरायची, आजारपणात डॉक्टर मिळायचा, मेल्यावर बँडसकट अंत्ययात्रा. जाताना साइड ड्रमच्या खालच्या तारा सैल सोडून संथ भजनं, दफन झाल्यावर तारा ताणून चढी लय. मागून नाचत येणाऱ्या लोकांना 'सेकंड लाइन' म्हणतात. म्हणजे तुमची वरातच, फक्त निमित्त वेगळं.

त्यात दोन प्रकारचे वादक एकत्र आले. क्रिओल (मिश्र वंशाचे) लोक नोटेशन वाचणारे, फ्रेंच वळणाचे. काळ्या वस्तीतले कानावर वाजवणारे, ब्लूज (काळ्या लोकांचं सुखदुःखाचं गाणं) आणि चर्चमधलं गाणं अंगात मुरलेले. लुइझियानाने 1890 मध्ये रेल्वेच्या डब्यांत वर्णभेदाचा कायदा केला, 1896 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. क्रिओलांचा वेगळा दर्जा गेला आणि दोघे एकाच बाजूला ढकलले गेले. कॉर्नेटवाला (कॉर्नेट म्हणजे ट्रंपेटसारखंच वाद्य) बडी बोल्डन साधारण 1900 ते 1906 गाजला, 1907 ला वेड्यांच्या इस्पितळात गेला, एकही ध्वनिमुद्रिका मागे नाही. पहिली तबकडी फेब्रुवारी 1917 ची, तीही गोऱ्यांच्या बँडची. आधी वाजवणारे एक आणि आधी छापले गेलेले दुसरे, हा घोळ तिथपासून आहे.

ठोका_चौथा
मार्च वाटण्याचं कारण बासड्रममध्ये शोधा. मार्चला तो 1 आणि 3 वर सारखाच पडतो. न्यू ऑर्लिन्समध्ये दोन मापांचे आठ ठोके धरून 1, 3, 5 नेहमीसारखे आणि 8 वर दणका. 7 वाजलाच तर हलका. तो आठवा घुमत पुढच्या 1 वर जातो, म्हणून पाय थांबत नाहीत. याला 'बिग फोर' म्हणतात. आधी फक्त दोन ड्रमवाल्यांनी पंधरा मिनिटं हेच घोटा, बाकीचे चालत टाळ्या देतील.

मग फुंकणाऱ्यांची दुगुन. एका ठोक्यातले दोन स्वर सारखे नकोत. ठोक्याचे तीन भाग करा, पहिल्या स्वराला दोन, दुसऱ्याला एक. लय चढली की हा फरक आपोआप कमी होतो. चूक होते ती इथे : मुलं दुसरा स्वर फारच तोडतात आणि टांग्याचा घोडा पळतो. उपाय जिभेचा. जीभ मधल्या (आखूड) स्वरावर मारा आणि तिथून पुढच्या ठोक्यावर न तोडता सरका.

आणि सगळ्यांनी एकच चाल वाजवणं बंद करा. हे वरातीच्या बँडला जड जातं, पण निम्मा जॅझ यातच आहे. पहिला ट्रंपेट चाल साधी ठेवेल, क्लॅरिनेट वरून भराभर भरत जाईल, आल्टो खालून लांब स्वरांनी उत्तर देईल (ते काम खरं ट्रॉम्बोनचं), ट्यूबा नाही म्हणून युफोनियम 1 आणि 3 वर मूळ स्वर धरेल. दुसरा ट्रंपेट अडचण नाही. किंग ऑलिव्हरच्या 1923 च्या बँडमध्ये दुसऱ्या कॉर्नेटवर लुई आर्मस्ट्राँग होता.

पेटीवाली
सुरुवात बारा मापांच्या ब्लूजने करा. सा काळी पाच धरा : ट्रंपेटवर तो सी होतो, आल्टोवर जी. पेटीवर तीन मेळ (एकदम दाबायचे स्वर) पुरतात.
पहिला : सा ग प, वर कोमल नी.
दुसरा : म ध सा, वर कोमल ग.
तिसरा : प नी रे, वर म.
मापं अशी : चार पहिल्यावर, दोन दुसऱ्यावर, दोन पहिल्यावर, एक तिसऱ्यावर, एक दुसऱ्यावर, शेवटची दोन पहिल्यावर. एकूण 48 मात्रा. हरवतात बहुतेक नवव्या मापाला, कारण तिथे मेळ प्रत्येक मापाला बदलतो. तेवढं एकाने बोटाने दाखवावं.

ब्लूजचा ग कोमल आणि शुद्धच्या मधे कुठेतरी असतो. पेटी तो देत नाही, तेव्हा तो पेटीवर शोधू नका. क्लॅरिनेटला ओठ किंचित सैल सोडून खालून घ्या, मींड घेतो तसा.

कुडाळचा_कर्णा
ताई, नवव्या मापालाच पडलो! मग हॉटेलची गोष्ट आली कुठून?

सड्यावरचा
मुंबईतून. 1935 मध्ये लिऑन ॲबीचा आफ्रिकन-अमेरिकन बँड ताजमहाल हॉटेलात आला, पुढे पियानोवाल्या टेडी वेदरफोर्डसारखे आले. गोव्याची पोरं चर्चच्या शाळांत नोटेशन शिकलेली, ती या बँडांत शिरली आणि तिथून सिनेमाच्या वाद्यवृंदांत. हळदोण्याचा ट्रंपेटवाला चिक चॉकलेट त्यांतलाच. त्यामुळे आपल्या किनाऱ्यावर जॅझ पोचला तोच सूटबूट घालून.

ठोका_चौथा
एक राहिलं. ऑलिव्हरच्या 1923 च्या तबकड्या ऐकून ड्रम उतरवू नका. तेव्हा मायक्रोफोन नव्हता, कर्ण्यातून आवाज थेट सुईवर जायचा, बासड्रमने सुई उडायची. म्हणून त्याचा ड्रमवाला बेबी डॉड्स तिथे लाकडी ठोकळे वाजवतो. त्या तबकड्या झाल्या तो स्टुडिओ रेल्वे रुळांच्या कडेला होता, गाडी आली की काम थांबायचं (कुडाळकरांना वेगळं सांगायला नको). रस्त्यावरचा बास ऐकायचा तर युरेका ब्रास बँडची 1951 ची मुद्रणं घ्या, आणि आधी संथवाली ऐका.