मॉरिशसची छोटी बेटे : शिडाच्या होडीतला एक दिवस (अनुभव धागा)

मॉरिशसला जाऊन आलेल्यांकडून हॉटेलांविषयी पुष्कळ ऐकायला मिळते. मुख्य बेटाभोवतीच्या लहान बेटांवर होडीने जाऊन पायी भटकलेल्यांनी मात्र वारा कसा होता, किनाऱ्यावर उतरल्यावर काय पाहिले, हे तपशिलाने लिहावे, अशी विनंती आहे. दर हंगामागणिक बदलतात, त्यामुळे खर्चाचे आकडे नसले तरी चालेल.

गोदाकाठ

आम्ही उत्तर किनाऱ्यावरील ग्राँ बे येथून सकाळी कॅटामरानने (दोन सांगाडे जोडलेल्या शिडाच्या होडीने) उत्तरेकडील गॅब्रिएल बेटाकडे निघालो. प्रवाळाच्या रांगेतील वाट ओलांडेपर्यंत पाणी अगदी संथ होते. बाहेर पडताच इंजिन बंद झाले, शीड चढले आणि आग्नेयेकडून येणाऱ्या वाऱ्याने होडी अशी काही उचलली की बोलणारे सगळेच क्षणभर गप्प झाले. होडीच्या दोन सांगाड्यांमध्ये पुढच्या बाजूस ताणून बांधलेली जाळी असते. तिच्यावर पालथे पडले की लाट खालून थेट तोंडावर येते आणि दुपारपर्यंत भुवयांवर मिठाचे पांढरे कण साचतात. ज्यांना बोट लागते त्यांनी मात्र तिकडे न जाता मागच्या बाजूला क्षितिजावर नजर ठेवून बसावे. सासूबाईंनी सोबत घेतलेला आलेपाक आमच्यापेक्षा खलाशांनीच अधिक खाल्ला.

वाटेत क्वाँ द मीर हे पाचरीच्या आकाराचे बेट लागते. ते संरक्षित असल्याने तिथे उतरता येत नाही. परंतु होडी कड्याजवळून जाते तेव्हा लांबलचक शेपटीचे पांढरे पक्षी कपारींतून आत-बाहेर करताना स्पष्ट दिसतात. एअर मॉरिशसच्या बोधचिन्हावर असलेला पक्षी तो हाच. गॅब्रिएलवर लहान होडीतून उतरवतात. बहुतेक मंडळी उतरल्या जागीच वाळूत बसून राहतात, ते मला पटले नाही. झुडपांतील पायवाटेने पलीकडच्या बाजूस गेल्यावर सगळा गजबजाट मागे पडतो आणि समोरच्या इल प्लात बेटावरील १८५५ मधील दीपगृह दिसते.

मॉरिशसकर (व्हाक्वा)

आपण जिथे उतरलात, त्या गॅब्रिएल बेटाचा इतिहास होडीवर सहसा कोणी सांगत नाही, म्हणून लिहितो. १८५६ च्या जानेवारीत कलकत्त्याहून आलेल्या दोन जहाजांवर पटकीची साथ होती, म्हणून त्यांवरील गिरमिटिया (करारावर नेलेल्या) मजुरांना गॅब्रिएलवर उतरवून ठेवण्यात आले. निवारा अपुरा, पाणी अपुरे आणि पावसाळ्याचे दिवस. त्यात शेकडो माणसे दगावली. हिंदुस्थान सरकारने त्याच वर्षी मॉरिशसला मजूर पाठवणे काही काळ थांबवले, त्यामागे हे प्रकरण होते. इल प्लातवर विलगीकरण केंद्राचे अवशेष आणि दफनभूमी आजही आहे. आमचे पूर्वज मुंबई बंदरातून आलेले, म्हणजे त्या जहाजांचा आमच्याशी थेट संबंध नाही. तरीही आमच्या घरी गॅब्रिएलची सहल ठरली की आजी नारळ सोबत द्यायची आणि तो समुद्रात सोडायला लावायची.

इथले रहिवासी म्हणून एक सुचवतो. जून ते सप्टेंबरमध्ये आग्नेय वारे जोरात असतात आणि उत्तरेकडचा खुला समुद्र ओलांडताना पर्यटकांचे हाल होतात. त्या दिवसांत पश्चिम किनाऱ्यावरून, ल मॉर्नच्या डोंगराच्या आडोशाने इल ओ बेनितिएला जावे. तिथल्या सुरूच्या झाडांखाली बसले की कोकणातून आलेल्या पाहुण्यांना घरी आल्यासारखे वाटते, असा आमचा अनुभव आहे.

नेत्रा_ठाणे

बेनितिएला आम्हीही गेलो होतो, पण ज्यांच्याकडे नोंदणी केली त्यांनी दिवसभरात शीड एकदाही उघडले नाही. सगळा प्रवास इंजिनावर आणि कर्कश गाण्यांवर झाला. सकाळी तामारँच्या उपसागरात डॉल्फिन दिसले, हे खरे. परंतु अनेक होड्या त्यांना चहूबाजूंनी घेरत होत्या आणि ते बुडी मारून दूर निघाले की पुन्हा पाठलाग सुरू होत होता. शीड खरोखर चढवणार का आणि डॉल्फिनपासून अंतर राखणार का, हे पैसे भरण्यापूर्वी विचारून घ्यावे.

पानगळ

माझा दिवस शिडाचा नव्हता, तरी बेटाचा नक्कीच होता. माहेबूरजवळील इल ओ एग्रेत हे जेमतेम २६ हेक्टरांचे प्रवाळी बेट आहे. मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशन तिथे परकी झाडे काढून मूळचे अबनूसाचे रान पुन्हा उभे करत आहे. माहीतगाराशिवाय फिरता येत नाही आणि ते योग्यच आहे. नामशेष झालेल्या स्थानिक कासवांचे काम आता सेशेल्समधील अल्दाब्रा बेटावरून आणलेली महाकाय कासवे करतात. ती फळे खातात आणि विष्ठेतून बिया रुजतात. वाटेत आडवे बसलेले कासव उठेपर्यंत आमचा सगळा गट थांबला, कारण बाजूने जायला जागाच नव्हती. गुलाबी कबूतर मात्र फक्त पंख फडफडण्याच्या आवाजावरून कळले.

मॉरिशसकर (व्हाक्वा)

कबुतरासाठी सकाळची पहिली फेरी घ्यावी. आणि सर्वांसाठी : कोणत्याही बेटावर उतरताना जाड तळव्याची रबरी पादत्राणे पाण्यात पाय ठेवण्याआधीच घालावीत. इथे समुद्री साळू (तळाशी राहणारे गोल, काटेरी प्राणी) विपुल आहेत, आणि दगडासारखा दिसणारा विषारी काट्यांचा मासाही उथळ पाण्यात असतो.