हरिकेन (अटलांटिककडचं जोरदार चक्रीवादळ) जमिनीवर आल्यावर ढेपाळतं ते घर्षणामुळे की बाष्प तुटल्यामुळे?

मदत हवी आहे. समुद्राचं पाणी साधारण २६.५ अंशांच्या वर असलं की भरपूर बाष्प वर जातं, त्याचे ढग होताना उष्णता सुटते आणि त्यावरच वादळ चालतं, इथपर्यंत कळलंय. जमिनीवर हा पुरवठा तुटतो हेही पटतं. अडतंय ते घर्षणापाशी. सगळीकडे झाडं, डोंगर, इमारतींमुळे वारा मंदावतो एवढंच सांगतात, पण वारा मंदावला की तो गोल फिरायचा सोडून केंद्राकडे जास्त ओढला जातो ना, मग तिथे हवा जास्त वर चढून पाऊस उलट वाढायला हवा? अमेरिकेतलं कॅटरिना वादळ २००५ मध्ये किनारा ओलांडल्यावर दिवसभरात गळपटलं, पण २००७ चं एरिन टेक्सासमधून आत शिरून ओक्लाहोमावर पोचल्यावर जास्त जोरात आलं. तिथली जमीन आधीच्या पावसाने भिजलेली होती हे कारण वाचलंय, पण घर्षण तर तिथेही होतंच की! आतल्या भागातली कोरडी हवा वादळात शिरते तो मुद्दाही माहितीये, त्यामुळे तो सोडून सांगा, थोडंफार गणित असलं तरी चालेल.

तर घर्षणामुळे केंद्राकडे आलेली जास्तीची हवा वादळाला टिकवू का शकत नाही, आणि दोन्हीत मोठा वाटा कशाचा?